मालवणची अर्ध्या दिवसाची बोट आणि स्नॉर्केलिंग : कोल्हापूरकरांनो, या चुका टाळा

मी कोल्हापुरात पोहायला शिकवते. दर हिवाळ्यात शिकणाऱ्यांना, त्यांच्या घरच्यांना आणि शेजारपाजाऱ्यांना घेऊन मालवणला जाते. सकाळी बोट, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात स्नॉर्केलिंग (डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी लावून पाण्यावर पालथं पडून खाली बघणं), मग देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी असलेलं वाळूचं बेट आणि दुपारी जेवायला परत, असा चार-पाच तासांचा कार्यक्रम असतो. समुद्र साथ देतो, मासे दिसतात, प्रवाळही दिसतात. तरी प्रत्येक वेळी कुणीतरी रडवेला होऊन परततो, आणि कारणं तीच असतात. हंगाम सुरू झाला की फोनवर तेच प्रश्न येतात, म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे.

रात्रभर प्रवास करून थेट बोटीत चढणं

ही चूक पहिली, कारण हिच्यामुळे सर्वांत जास्त लोकांचा दिवस वाया जातो. आणि ही खास आपली, कोल्हापूरची चूक आहे. मालवण दीडशे किलोमीटरच्या आसपास, म्हणून हिशोब ठरलेला असतो : रात्री जेवून दोनला निघायचं, राधानगरी-दाजीपूर करत फोंडा घाट उतरायचा, सहा-साडेसहाला मालवण, साडेसातला बोट, संध्याकाळी घरी. एका रात्रीच्या खोलीचं भाडं वाचतं.

काही वर्षांपूर्वी मी स्वतः या हिशोबाला मान डोलावली होती. दोन गाड्या, चौदा माणसं. निघण्याआधी एकाच्या घरी तांबडा-पांढरा झाला, आग्रह झाला, भाकरी जास्त झाल्या. झोप कुणाचीच झाली नाही. घाटाच्या वळणांनी दोघांची पोटं तिथेच ढवळली. कणकवलीत गाडी थांबली, आणि तिथे ‘आता उपाशीपोटी कसं जायचं’ म्हणत मिसळ मागवली, कट वरून घेतला. मी अडवायला हवं होतं, अडवलं नाही.

बोट धक्क्यापासून लांब जाऊन उभी राहिली आणि वीस मिनिटांत पाच जण कठड्यावर वाकले. बोट चालत असते तोवर बरं वाटतं. इंजिन बंद करून ती नुसती डुलायला लागली, त्यात डिझेलचा वास आला, की खरी परीक्षा. त्या पाचांत बारा वर्षांचा एक मुलगा होता. त्याने माझ्याकडे चार महिने पोहणं शिकून घेतलं होतं ते याच दिवसासाठी. पाण्याखालचे मासे कसे दिसतील, हे तो मला रोज विचारायचा. तो बोटीच्या तळाशी आईच्या मांडीवर डोकं ठेवून दीड तास पडून राहिला. बाकीचे पाण्यातून ‘अरे ये की, बघ तरी’ म्हणत होते. त्याला उठताही येत नव्हतं. त्या दिवसापासून मी रात्रीचा प्रवास करून कुणालाही बोटीत चढवत नाही. ज्यांना ते पटत नाही, त्यांनी दुसऱ्या कुणाबरोबर जावं, असं मी स्पष्ट सांगते.

बोट लागते ती अशी. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, आणि डोळे बोटीच्या फळीकडे किंवा मोबाइलकडे बघत सांगतात की आपण स्थिर आहोत. या दोन बातम्या जुळत नाहीत आणि त्रास पोटाला होतो. म्हणून डोळ्यांनाही हलणं दिसू द्यायचं : नजर लांब क्षितिजावर किंवा किनाऱ्यावरच्या माडांवर ठेवायची, बोटीच्या मध्यावर बसायचं, धूर येतो ती बाजू सोडायची, मोबाइल पिशवीत टाकायचा. झोप न झालेला आणि तेलकट पोट भरलेला माणूस यातलं काहीही करून वाचत नाही.

माझी सवय अशी : आदल्या दिवशी दुपारी निघायचं, अंधाराआधी मुक्कामी पोचायचं, रात्री साधा वरण-भात आणि फार तर माशाचा एखादा तुकडा. सकाळी एक-दोन घावणे किंवा केळं, कोरा चहा. अगदी उपाशीही जायचं नाही, रिकामं पोटही ढवळतं. खिशात आलेपाकाच्या वड्या. ज्यांना घाटातसुद्धा उलटी होते, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी, आणि ती बोटीत चढायच्या तासभर तरी आधी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पाण्यात पडते. आदल्या रात्री दारू घेतलेल्याला मी पाण्यात उतरवत नाही. यावर वाद घालायला येऊ नका.

तिथी न बघता तारीख ठरवणं

‘ताई, शनिवार-रविवार जोडून सुट्टी आहे, बुक करू?’ हा प्रश्न मला दर महिन्याला येतो. कॅलेंडरावर लाल चौकोन बघितला जातो, त्याच चौकोनात बारीक अक्षरात लिहिलेली तिथी कुणी बघत नाही. समुद्राला मात्र तिथी कळते, रविवार कळत नाही.

एकदा दत्त जयंतीला जोडून सुट्टी आली. दत्त जयंती म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा. आमच्यातले अर्धे नरसोबाच्या वाडीला गेले, अर्धे माझ्याबरोबर मालवणला आले. स्नॉर्केलिंगला पाणी गढूळ, हाताचा पंजा लांब केला तर धूसर दिसेल असं. अकराच्या सुमाराला देवबागला पोचलो तर बेट नाही. नदी आणि समुद्र एक झालेले, मधे नुसतं पाणी. मुलं विचारतायत बेट कुठाय, आणि बोटवाले काका शांतपणे म्हणाले, ‘आता भरती असा, बेट पाण्याखाली गेला. सांजेक येवा.’ संध्याकाळपर्यंत थांबणं आम्हाला शक्य नव्हतं. ते काका आधीच्या दिवशी फोनवर हेच सांगत होते. बुकिंग करणाऱ्या आमच्या माणसाने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

कोकणातल्या जुन्या माणसांचा एक हिशोब आहे, तो पाठ करा. शुद्ध पक्ष असो की वद्य, तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. येईल ती भरतीची वेळ. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सकाळी सव्वाअकराच्या सुमाराला समुद्र पूर्ण भरलेला. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा : सकाळी सहाला भरती, तिथून सव्वासहा तासांनी, म्हणजे बाराच्या पुढेमागे, ओहोटी. पुढची भरती आणखी तितक्याच वेळाने. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. हिशोब अर्ध्या-पाऊण तासाने इकडेतिकडे होतो, म्हणून नेमकी वेळ बोटवाल्याकडून घ्यायची. पण कोल्हापुरात बसून तारीख ठरवायला एवढं पुरतं.

दुसरी गोष्ट पाण्याच्या ओढीची. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं : पाणी खूप चढतं, खूप उतरतं, ओढ जोरात असते आणि तळाची माती-वाळू वर उठते. अष्टमीच्या आसपास भांग असतो. पाण्याची ये-जा कमी, ओढ कमी, पाणी निवळ. मासे बघायचे असतील तर भांगाचे दिवस घ्यावेत. मी षष्ठी ते दशमीच्या मधला दिवस शोधते. आधी सकाळी निवळ पाण्यात स्नॉर्केलिंग, मग पाणी उतरत जाईल तसं साडेदहा-अकरानंतर बेटाकडे. भांगाला बेट उधाणाच्या ओहोटीइतकं लांबरुंद उघडं पडत नाही, हे खरं. पण मुलांना घेऊन उतरायला ते दिवस निर्धास्त असतात. हे बेट २००४ च्या त्सुनामीनंतर वर आलं असं तिथले लोक सांगतात, म्हणून त्याला त्सुनामी आयलंड म्हणतात. नदीच्या मुखावरची वाळू आहे ती. परतीची वेळ तुम्ही ठरवायची नाही, पाणी ठरवतं. बोटवाला ‘चला’ म्हणाला की फोटो अर्धवट टाकून निघायचं.

उशिरा निघणं

आठला बोलावलं तर नऊला येणं, ही आपली जुनी खोड. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, पाणी सपाट असतं. ऊन तापलं की वारा उलटतो आणि दुपारी समुद्रावरून खारा वारा जोरात येतो. लाटा उठतात, तळ ढवळतो, बोट लागणाऱ्यांचे हाल होतात. साडेसातला पाण्यावर असाल तर दुपारचा वारा सुटेपर्यंत तुमचं काम झालेलं असतं.

हंगामाचंही तेच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मुलांच्या परीक्षा संपल्या म्हणून मे महिन्याच्या शेवटी जाणारे खूप आहेत. मे २०२२ च्या अखेरच्या आठवड्यात तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट बुडून दोघांचा जीव गेला, ते आठवा. पावसाळ्यात प्रवासी बोटी बंदच असतात. त्या आधीच्या आठवड्यांत बोट सुरू दिसते म्हणून समुद्र तयार आहे असं समजू नये.

‘आपल्याला जाकीट लागत नाही’

माझ्या जिव्हाळ्याचा आणि रागाचा विषय. कोल्हापूर हे पोहणाऱ्यांचं गाव आहे. पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललेली आणि तिथेच पोहायला शिकलेली पिढी अजून आहे. पुरात पंचगंगेच्या पुलावरून उड्या मारणारे आहेत. २०१० च्या आशियाई स्पर्धेत पन्नास मीटर बटरफ्लायचं कांस्यपदक आणणारा वीरधवल खाडे आपलाच. त्याचा मलाही अभिमान आहे. पण बोटीवर मला सर्वांत जास्त भीती वाटते ती पोहता येणाऱ्यांची. न येणारा माणूस जाकीट घट्ट बांधतो, गाइड सांगेल ते ऐकतो आणि आनंदाने मासे बघून येतो.

आमच्या गल्लीतला एक जण. तालमीत वाढलेला, पस्तिशीचा, पंचगंगा आरपार पोहून जाणारा. बोटीवर जाकीट दिलं तर त्याने ते बाजूला ठेवलं. ‘ताई, ह्ये पोरांना द्या. आपल्याला काय न्हाई हुत.’ बोटीवरच्या पोरानेही आग्रह केला नाही, आणि मी दुसऱ्या बाजूला एका मुलीचा मास्क बसवत होते. धप्पकन आवाज आला. त्याने मास्क-स्नॉर्केलसकट बोटीवरून सूर मारला होता. पाण्याच्या माऱ्याने मास्क कपाळावर सरकला, नळीत पाणी भरलं. नदीतल्या सवयीने त्याने वर येताच श्वास ओढला तो भरलेल्या नळीतून. खारं पाणी घशात गेलं. खोकत डोकं वर काढेपर्यंत ओहोटीच्या ओढीने तो बोटीपासून वीस-पंचवीस हात लांब गेला होता. मग त्याने ते केलं जे प्रत्येक नदीवाला करतो : ओढीच्या विरुद्ध, पूर्ण ताकदीने हात मारायला लागला. पुढे सरकत नव्हता, दमत होता. बोटीवरच्या पोराने रिंग टाकली आणि स्वतः उडी घेतली, म्हणून तो वर आला. सगळं दोन-तीन मिनिटांत झालं.

नंतर तो बराच वेळ गप्प बसून होता. मग म्हणाला, ‘ताई, तळ दिसत हुता. पाय लागंल असं वाटलं.’

हे वाक्य मी आता प्रत्येक गटाला सांगते. पाण्यातून बघताना तळ प्रत्यक्षापेक्षा वर आल्यासारखा दिसतो. चार मीटर खोली तीन मीटरसारखी भासते, आणि मास्कमधून वस्तू साधारण तिसऱ्या हिश्श्याने मोठ्या दिसतात. पंचगंगेत तळ दिसतच नाही, त्यामुळे हा अनुभव आपल्याकडे कुणाला नसतो. समुद्रात तळ दिसतो म्हणून पाणी कमी आहे असं मानू नका. ओढीत सापडलात तर तिच्याशी झगडू नका. जाकिटावर पाठीवर पडून राहा आणि हात वर करा, बोट तुमच्याकडे येईल.

जाकीट घातलं की पोहण्याची गरजच नसते. खाऱ्या पाण्यात शरीर तसंही जास्त तरंगतं. पालथं पडायचं, हात सैल, पाय सावकाश हलवायचे आणि खाली बघायचं. ज्याला हे ‘लेचंपेचं’ वाटतं त्याने काठावर थांबावं. मुलांसाठी मोठ्यांचं जाकीट दोर गुंडाळून चालवू नका. पाण्यात ते वर सरकून कानाशी येतं आणि मूल खालून निसटतं. मुलाच्या मापाचं नसेल तर मूल बोटीतून उतरत नाही. मी मुलांची दोन जाकिटं कोल्हापुरातूनच नेते.

पाण्यात उतरल्यावर शिकू, हा घाईचा विचार

मास्कने नाक बंद, तोंडात नळी, चेहरा पाण्यात. पहिल्यांदा मेंदू हे मान्य करत नाही. माणूस घाबरतो, भराभरा उथळ श्वास घेतो. नळीत राहिलेली आधीच्या श्वासाची हवाच मग पुन्हा पुन्हा आत जाते, दम लागतो आणि भीती वाढते. हळू, लांब श्वास घेतला आणि पूर्ण सोडला की ताजी हवा येते आणि छाती शांत होते. पण हे खोल पाण्यात, गाइड ‘चला चला’ करत असताना शिकण्याचं काम नाही.

मी निघण्याआधीच्या रविवारी सगळ्यांना तलावावर बोलावते. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, नुसता चेहरा बुडवून दहा मिनिटं श्वास. ज्याला यायला जमत नाही त्याने घरी मोठ्या घमेल्यात किंवा बादलीत तोंड घालून करावं. घरचे बघतात म्हणून लाज वाटते, तरी करावं. नळीत पाणी गेलं तर जोरात ‘फूः’ करून ते उडवायचं. मास्कमध्ये पाणी आलं तर मान थोडी वर करून, चौकटीचा वरचा भाग दाबून, नाकाने श्वास सोडायचा. पाणी खालून निघून जातं. या दोन गोष्टी हाताला बसल्या की अर्धी भीती संपते. ‘इतकं काय करायचं त्यात’ म्हणत सरावाला न येणारेच बोटीजवळ पहिल्या मिनिटात मास्क ओरबाडून काढतात. गेल्या कित्येक वर्षांत याला अपवाद मला दिसलेला नाही.

मास्क गळतो अशी तक्रार आली की लोक पट्टा आवळतात. पट्टा जास्त आवळला की रबराची कड दुमडते आणि मास्क जास्तच गळतो. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने हलका श्वास ओढायचा. हात काढल्यावर तो चिकटून राहिला तर तुमच्या मापाचा. कपाळावरचा एक केससुद्धा कडेखाली आला तर पाणी शिरतं. आणि मिशा. आपल्याकडच्या भरदार मिशांवर मास्क बसत नाही. मिशा काढा असं मी कुणाला सांगणार नाही, पण नाकाच्या लगेच खालची बारीकशी पट्टी कापून घेतली तर कडेला टेकायला कातडी मिळते. काचेवर धुकं धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून विसळायची, हा सर्वांत साधा उपाय. चष्मा मास्कखाली बसत नाही, नंबर असलेला मास्क मिळेल का ते आधीच विचारा.

प्रवाळांवर उभं राहणं

थकलो की पायाखाली जे लागेल त्यावर उभं राहणं ही सहज क्रिया आहे. पण पायाखाली दगड दिसतो तो बऱ्याचदा जिवंत असतो. प्रवाळ म्हणजे लाखो छोट्या जीवांची वसाहत. गोल धोंड्यासारखे प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरभर वाढतात. तुमच्या टाचेखाली मोडलेला तुकडा तुमच्या मुलाच्या वयाचा असू शकतो. मालवणचा हा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. आठवण म्हणून तुकडा खिशात घालणं हा गुन्हा आहे. एका ताईंच्या पिशवीतून मी तो परत पाण्यात टाकायला लावला, त्या आजही माझ्याशी नीट बोलत नाहीत. माशांना ब्रेड-बिस्किटं टाकू नका. कुणी टाकत असेल तर ‘आम्हाला नको’ म्हणा. खडकांवर कालवं असतात, त्यांची धार ब्लेडसारखी, तेव्हा पायात काहीतरी हवंच. बेटाच्या उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता वाळूत घासत चाला. वाळूत पाकट, म्हणजे शेपटीला काटा असलेला चपटा मासा, बसलेलं असलं तर ते आधीच सरकतं.

बाकीच्या चुका थोडक्यात. पालथं पडून बघताना पाठ आणि पोटऱ्या भाजतात, पूर्ण बाह्यांचा बनियन घाला. डॉल्फिनच्या मागे बोट पळवायला सांगू नका. इंजिन मंद करून थांबलं तर ते स्वतः दिसतात. स्वस्त मिळालं म्हणून रस्त्यावर हात करणाऱ्याच्या मागे जाऊ नका. बोटीवर माणसं किती, पाण्यात प्रत्येकाला किती मिनिटं, बरोबर पाण्यात कोण उतरणार, एवढं विचारा. उत्तर टाळणाऱ्याला सोडा. शे-दोनशे रुपयांसाठी दहा मिनिटांत पाण्याबाहेर काढून घेणारे खूप बघितलेत.

आणि सिंधुदुर्ग किल्ला याच चार तासांत कोंबू नका. १६६४ मध्ये महाराजांनी बांधायला घेतलेला अठ्ठेचाळीस एकरांचा जलदुर्ग, आत खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोड्या पाण्याच्या दूधबाव, साखरबाव, दहीबाव या विहिरी, आणि राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर. १८१२ च्या तहापर्यंत हा मुलूख करवीरकरांचा होता. कोल्हापूरच्या माणसाने तिथे ओल्या चड्डीवर, बोटवाला हाका मारतोय म्हणून धावत जाऊन येऊ नये. आदल्या दिवशी लवकर पोचा किंवा दुसऱ्या दिवसाची सकाळ ठेवा.

परतीचं शेवटचं. बोट लागू नये म्हणून गोळी घेतलेल्याने त्या दिवशी गाडी चालवायची नाही, त्या गोळ्यांनी झोप येते. आम्ही दोन चालक ठरवून नेतो आणि त्यांच्यापैकी एक जण बोटीत येत नाही, किनाऱ्यावर झोप काढतो. पुढच्या वेळी पाळी बदलते. दुपारी जेवून तासभर आडवं व्हायचं आणि तीन वाजता गाडी सुरू करायची. फोंडा घाट उजेडात चढून जायचा, कारण दाजीपूरच्या जंगलात अंधार पडल्यावर गवे रस्त्यावर येतात, आणि वळणावर अचानक समोर उभा राहिलेला गवा हॉर्न ऐकून बाजूला होत नाही.